गच्चीवरच्या कुंड्यांतील वेलभाज्या: कोवळी फळे का गळतात आणि मांडव कसा असावा

इंदूरच्या राजेंद्रनगरात तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर भाज्या लावणाऱ्या एका ताईंनी जूनच्या पहिल्या आठवड्यात मला चार प्रश्न एकत्र लिहून पाठवले. दुधी आणि गिलकी (घोसाळी) यांना फुले भरपूर येतात, परंतु बोटाएवढे फळ दिसले की चार दिवसांत ते पिवळे पडून गळते. टोमॅटोला मार्चपर्यंत फळे लागली आणि एप्रिलमध्ये फुले देठापासून गळू लागली. मेच्या अखेरच्या वादळात लोखंडी नळ्यांवर नऊ फूट उंच बांधलेला मांडव कुंड्यांसकट कोसळला. आणि गेल्या पावसाळ्यात हौसेने लावलेल्या ककोड्याच्या, म्हणजे आपल्या करटोलीच्या, वेलाला एकही फळ धरले नाही. यावर त्यांनी शेणखत वाढवले, डीएपी हे रासायनिक खत दिले, बाजारातले फूलवाढीचे औषधही फवारले, पण फरक पडला नाही, असे त्या लिहितात.

ताई, फरक पडला नाही, कारण आपल्या वेलांची उपासमार झालेली नव्हती. हे चारही प्रश्न वरवर वेगळे दिसत असले तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पराग योग्य वेळी योग्य जागी पोहोचला नाही. मांडवाचा प्रश्नसुद्धा मी याच खात्यात धरतो, कारण नऊ फुटांवरच्या मांडवावर उमललेले मादीफूल आपल्याला दिसलेले नाही आणि आपला हात तेथवर गेलेला नाही. गच्चीवरच्या शेतीत परागीभवन आणि आधार यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बोटाएवढे जे दिसते आणि गळते, ते अजून फळ झालेले नसते. दुधी, गिलकी, तुरई (दोडकी), कारले, काकडी या सर्वांत नरफुले आणि मादीफुले एकाच वेलावर पण वेगवेगळी येतात. मादीफुलाच्या पाकळ्यांमागे जो लहानसा दुधी किंवा लहानसे कारले दिसते, ते फुलाचे बीजकोश असते आणि फूल उमलण्यापूर्वीच ते त्या आकाराचे असते. पराग मिळाला तर ते वाढू लागते. मिळाला नाही, तर वेल त्याला तीन ते पाच दिवसांत टाकून देतो. टोकाकडून पिवळेपणा सुरू होतो, मग ते आक्रसते आणि देठापासून सुटते. आपल्याकडे नेमके हेच घडत असावे, परंतु खात्री करून घेण्यासाठी गळलेली चार-पाच फळे उभी चिरून पाहावीत. आत काहीच नसेल, गर कोरडा आणि बी न भरलेले असेल, तर परागीभवन झालेले नाही. आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतील, तर तो फळमाशीचा प्रताप आहे. गिलकी आणि कारल्यावर ही माशी पावसाळ्यात फार येते. सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग आणि त्यातून आलेला डिंकासारखा थेंब ही तिची खूण असते. तेथे फवारणीपेक्षा, फळ धरल्याची खात्री झाली की त्यावर कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी चढवणे आणि गच्चीवर क्यू-ल्युअरचा, म्हणजे नर फळमाशीला ओढून घेणाऱ्या गंधाचा, एक सापळा टांगणे अधिक उपयोगी पडते. गळलेली फळे कुंडीत कुजू देऊ नयेत, कारण अळ्या त्याच मातीत कोशात जातात.

नर आणि मादी फूल ओळखण्यासाठी पाकळ्यांकडे न पाहता देठाकडे पाहावे. दुधीचे नरफूल लांब, सडपातळ देठावर एकटे उभे असते. मादीफुलाचा देठ आखूड असून त्याच्या टोकाला लव असलेली इवलीशी बाटली असते. गिलकी आणि तुरई यांची नरफुले घोसाने येतात आणि रोज त्यांतील एक-दोन उमलतात, मादीफूल मात्र त्याच पेरात एकटे असते. सुरुवातीचे एक-दोन आठवडे केवळ नरफुले येतात आणि गळतात. त्या काळात घाबरून नत्राची खते देणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. त्याने पाने तळहातापेक्षा मोठी होतात आणि मादीफुले आणखी लांबतात. कारल्यात एका मादीफुलामागे दहा-पंधरा नरफुले येणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यात वेलाचे काही बिघडलेले नसते.

आता ज्या मुद्द्यावर सर्वाधिक चूक होते तो मुद्दा, म्हणजे वेळ. आपण सकाळी आठ वाजता चहा झाल्यावर गच्चीवर जाता, असे आपण लिहिले आहे. त्या वेळी आपल्याला दुधीची फुले मलूल दिसणारच. दुधीचे पांढरे फूल सायंकाळी, ऊन उतरल्यावर, उमलते. त्याचा गिऱ्हाईक मधमाशी नसून संधिप्रकाशात आणि रात्री फिरणारा पतंग आहे, आणि पांढरा रंग त्याला अंधारात दिसावा म्हणूनच आहे. तुरईचे फिकट पिवळे फूलही सायंकाळी पाच ते आठच्या दरम्यान उघडते. पडवळाचे झालरीसारखे फूल त्याहून थोडे उशिरा, रात्र पडता पडता उमलते. याउलट गिलकीचे गडद पिवळे फूल पहाटे चारपासून उमलू लागते, कारलेही पहाटेच, काकडी साडेपाच-सहाच्या सुमारास, आणि भोपळा तर या सर्वांच्या आधी. म्हणजे तुरई आणि गिलकी या दिसायला सख्ख्या बहिणी असल्या, तरी एकीचा दिवस दुसरीच्या रात्री सुरू होतो. आपल्या गच्चीवर दुधी आणि गिलकी दोन्ही आहेत, तेव्हा आपल्याला दोन फेऱ्या कराव्या लागतील: सायंकाळी दिवेलागणीच्या सुमारास दुधीसाठी आणि सकाळी सहा ते साडेसातच्या आत गिलकीसाठी. उन्हाळ्यात नऊनंतर गिलकीचा पराग वाळून निकामी होऊ लागतो, म्हणून आठ वाजता केलेले काम कधी साधते, कधी फसते.

हाताने परागीभवन करण्याची कृती सोपी आहे, मात्र ती घाईने करू नये. त्याच वेळी उमललेले ताजे नरफूल देठासह तोडावे, पाकळ्या हलक्या हाताने काढून टाकाव्यात आणि मध्यभागी राहिलेला पिवळा परागकोश बोटाच्या पेरावर टेकवून पाहावा. बोटावर पिवळी भुकटी उतरली तर पराग मोकळा झाला आहे असे समजावे. उतरली नाही तर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. मग तो परागकोश मादीफुलाच्या मधोमध असलेल्या कुक्षीवर, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागावर, टेकवून फिरवावा. या कुक्षीला तीन पाळ्या असतात आणि तिन्ही पाळ्यांवर पराग लागणे आवश्यक आहे. एकाच बाजूला लागला, तर बी एकाच बाजूला भरते आणि दुधी कोयत्यासारखा वाकतो किंवा देठाकडे बारीक व टोकाला फुगीर होतो. म्हणून मी एका मादीफुलासाठी किमान दोन नरफुले वापरतो, आणि शक्य असल्यास दुसरे फूल दुसऱ्या वेलाचे घेतो. चित्रकलेचा मऊ कुंचलाही चालतो, परंतु त्याच्या केसांत बराच पराग अडकून वाया जातो, असा माझा अनुभव आहे. काम झाल्यावर देठाला रंगीत दोरा सैलसा बांधावा. तीन दिवसांनी फळाची साल चकचकीत दिसू लागली आणि देठ खाली झुकू लागला, तर फळ धरले. श्रावणात पावसाची झड लागते तेव्हा पाणी फुलात शिरून पराग धुऊन जातो. अशा दिवशी उमलू घातलेल्या मादीफुलावर आदल्या रात्री कागदाची टोपी ठेवावी.

हे काम निसर्गाने करावे अशी आपली इच्छा असणे स्वाभाविक आहे, आणि शहरातही ते बऱ्याच अंशी घडते. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत सहज येतात, काळा भुंगा त्याहून वर येतो. मात्र आपण त्यांच्या वाटेत काय उभे करतो, ते पाहिले पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सल्ल्याने मी माझी संपूर्ण गच्ची हिरव्या शेडनेटने चारही बाजूंनी बंद करून घेतली होती. मेच्या उन्हात पाने अगदी टवटवीत राहिली, वेल पाहून शेजारी कौतुक करत, आणि त्या हंगामात मला एकही दुधी मिळाला नाही. पतंगाला आत यायला वाटच नव्हती. तेव्हापासून मी शेडनेट केवळ डोक्यावर आणि पश्चिमेच्या बाजूला लावतो, तेही एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत. पूर्व आणि उत्तर मोकळ्या ठेवतो. कबुतरांसाठी लावतात त्या मोठ्या भोकांच्या जाळीतून मधमाशी जाते, तिची अडचण होत नाही. भाज्यांच्या कुंड्यांमध्ये दोन-तीन कुंड्या सब्जा आणि तुळशीच्या ठेवून त्यांच्या मंजिऱ्या खुडू नयेत. हिवाळ्यात थोडी कोथिंबीर आणि बडीशेप फुलू द्यावी. कडुनिंबाचे तेलही फुलांवर मारू नये. पहाटे उमलणाऱ्या वेलांवर ते सायंकाळी मारता येते, पण दुधी आणि तुरईच्या बाबतीत सायंकाळ हीच फुलण्याची वेळ असते, म्हणून तेथे सकाळी उन्हाआधी, केवळ पानांच्या खालच्या बाजूला फवारावे.

कुंडीच्या आकाराविषयी आपण विचारलेले नाही, तरीही लिहितो, कारण बारा इंची कुंडीतला दुधी आपण कितीही पराग दिला तरी फळ पोसू शकत नाही. बारा इंच रुंद आणि तेवढ्याच उंच कुंडीत सुमारे बावीस लिटर माती मावते. तेवढ्यात एक मिरची किंवा एक बुटका टोमॅटो चांगला येतो. दुधीला आणि गिलकीला किमान अठरा इंची, म्हणजे सुमारे पंचाहत्तर लिटरची पिशवी किंवा ड्रम हवा, आणि त्यात एकच वेल. भिजल्यावर अशा एका पिशवीचे वजन शंभर किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक जाते, तेव्हा ती गच्चीच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या वर ठेवावी.

आपल्या माळव्याची काळी माती शेतात सोने असली, तरी कुंडीत एकटी वापरू नये. ती वाळली की आक्रसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि दिलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते, मुळे मात्र कोरडीच राहतात. पावसात तीच माती चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते. एक भाग काळी माती, एक भाग चांगले मुरलेले कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व जाड रेती मिळून, असे मिश्रण मी करतो. कंपोस्टच्या बाबतीत तर इंदूरच्या माणसाला बाहेर पाहण्याचे कारणच नाही. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी १९२४ पासून याच शहरातील वनस्पती संशोधन संस्थेत पालापाचोळा, शेण, गोठ्यातील मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून, ओलावा राखून, ढीग ठरावीक अंतराने उलटवून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली, आणि ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली गेली. गच्चीवर शेणाचा ढीग करणे शक्य नसले, तरी थर, ओलावा आणि उलटवणे ही तीन तत्त्वे दोन ड्रममध्ये जशीच्या तशी पाळता येतात. डीएपीचा हात मात्र आता आखडता घ्यावा.

वेलाचा शेंडा खुडण्याविषयी थोडक्यात सांगतो. दुधी आणि कारले यांत मादीफुले मुख्य वेलापेक्षा बाजूच्या फांद्यांवर अधिक येतात, म्हणून मुख्य वेल मांडवाला पोहोचला की त्याचा शेंडा एकदा खुडावा. पुन्हा पुन्हा खुडून फांद्यांच्या फांद्या काढण्याची जी पद्धत हल्ली फार सांगितली जाते, तिने मादीफुले वाढतात हे खरे आहे. परंतु कुंडीतल्या मर्यादित मुळांना एका वेळी तीन-चारपेक्षा अधिक दुधी पोसवत नाहीत, आणि उरलेली फळे परागीभवन होऊनही गळतात.

टोमॅटोची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या प्रत्येक फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, आणि पराग नळीसारख्या परागकोशाच्या आतल्या बाजूला असतो. तो बाहेर पडण्यासाठी फुलाला कंप मिळावा लागतो. भुंगा फुलाला धरून अंगाचा गुणगुणाट करतो आणि पराग झडतो. मधमाशीला ही विद्या येत नाही. मोकळ्या शेतात वारा हे काम करतो, पण कठड्याच्या आडोशाला ठेवलेल्या कुंडीत वारा पोहोचत नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, पराग कोरडा असताना, फुलांच्या घोसामागच्या काठीवर बोटाने टिचक्या माराव्यात. विजेवर चालणारा दात घासण्याचा ब्रश घोसाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवला, तर त्याहून चांगले. परंतु एप्रिलमध्ये यांपैकी काहीही आपल्या उपयोगी पडले नसते. दिवसाचे तापमान बत्तीस अंशांच्या आणि रात्रीचे एकवीस-बावीस अंशांच्या पुढे गेले की टोमॅटोचा पराग निकामी होऊ लागतो, आणि इंदुरात एप्रिलमधले दिवस अडतीसच्या घरात जातात. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांपर्यंत उतरतात तेव्हाही फुले गळतात, तेही याच प्रकारचे कारण आहे. म्हणून ऑगस्टच्या मध्यास बी टाकून सप्टेंबरात रोप कुंडीत लावावे, म्हणजे पहिला बहर ऑक्टोबर-नोव्हेंबरात साधतो, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरा. एप्रिलमध्ये त्या झाडाकडून फळाची अपेक्षा करू नये. टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग पडतो तो मात्र परागाशी संबंधित नाही. पाणी कधी फार आणि कधी नाहीच, असे झाल्याने फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोहोचत नाही, म्हणून तो पडतो.

वांग्याची काही फुले गळणारच, कारण ज्या फुलांतील स्त्रीकेसर, म्हणजे फुलाचा मादी भाग, परागकोशांपेक्षा आखूड असतो त्यांना फळ धरत नाही. मिरचीला टोमॅटोप्रमाणेच उष्णता बाधते. भेंडी, चवळी आणि घेवडा यांच्या परागाची काळजी करू नये.

आता मांडव. पहिली गोष्ट, नऊ फूट नको. आपण हात वर केल्यावर बोटे जेथे पोहोचतात, त्याच्या एक वीत खाली मांडव असावा. बहुतेकांना तो साडेपाच ते सहा फूट येतो. आडवा मांडव फार रुंद असेल तर मादीफुले वरच्या बाजूला पानांत लपतात, म्हणून रुंदी दोन्ही बाजूंनी हात पोहोचेल इतकीच, चार फुटांपर्यंत ठेवावी. जागा अरुंद असेल तर आडव्याऐवजी उभी जाळी मला अधिक पसंत आहे, कारण फूल डोळ्यांसमोर येते. जाळीची घरे चार ते सहा इंचांची असावीत. बारीक घरांत कोवळे फळ अडकून त्याला कंबर पडते.

वेल कशाला धरतो हेही पाहावे लागते. गिलकी, दुधी, कारले, काकडी हे वेल तणाव्यांनी, म्हणजे दोऱ्यासारख्या गुंडाळणाऱ्या तंतूंनी, चढतात, आणि तणावा बारीक वस्तूलाच विळखा घालू शकतो. जाड, गुळगुळीत बांबूवर किंवा दीड इंची नळीवर तो नुसताच घरंगळतो. म्हणून नळीला सुतळीचे सैल वेढे द्यावेत. मेमध्ये तापलेल्या लोखंडावर कोवळा तणावा करपतो, त्यालाही सुतळीच उपयोगी पडते. वालाच्या शेंगेचा वेल तणाव्याने चढत नाही, तो स्वतःच्या खोडाने आधाराभोवती फिरतो, त्याला खरबरीत बांबू उत्तम. टोमॅटोला तर धरण्याचे कोणतेच साधन नाही, त्याला बांधावेच लागते. काठी रोप लावतानाच रोवावी, नंतर रोवल्यास मुळे तुटतात. उंच वाढणाऱ्या जातीला पाच फुटांची काठी द्यावी, दर वीतभर वाढीला जुन्या सुती कापडाची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे घालून गाठ काठीच्या बाजूला मारावी आणि बगलफुटी, म्हणजे पान व खोड यांच्या बेचक्यातून निघणारे फुटवे, बोटाएवढ्या होण्याआधीच काढाव्यात. बुटक्या, झुडूप होणाऱ्या जातीच्या बगलफुटी काढू नयेत.

आपला मांडव वादळाने पडला असे आपण म्हणता. माझ्या मते तो कुंड्यांना बांधलेला होता म्हणून पडला. पानांनी भरलेली जाळी म्हणजे शिडाचे कापडच. पावसापूर्वीची आपल्याकडची वावटळ त्या शिडाला ढकलते आणि पायथ्याची कुंडी तिला रोखू शकत नाही. नळ्यांचे पाय कठड्याच्या भिंतीला क्लॅम्प लावून पक्के करावेत, अथवा सिमेंट भरलेल्या डब्यांत रोवून चारही कोपरे तारेने कठड्याला ताणावेत, आणि कुंड्या त्यापासून स्वतंत्र ठेवाव्यात. जाळी कठड्यापेक्षा फार वर जात असेल तर मध्ये हातभर फट सोडावी, म्हणजे वारा आरपार जातो. गिलकी, तुरई आणि लांबट दुधी यांना लटकू द्यावे, लटकल्यानेच ती सरळ वाढतात. गोल दुधी एक किलोच्या पुढे जाऊ लागला, तर जुन्या ओढणीची झोळी करून ती वेलाला न बांधता मांडवाच्या तारेला बांधावी.

राहता राहिला ककोडा. येथे आपण कोणतीही चूक केलेली नाही. ककोड्याचे नर आणि मादी वेलच वेगळे असतात; परवलाचेही तसेच आहे. एकच कंद लावला, तर तो नर असो वा मादी, फळ येण्याचा मार्गच नसतो. आपला कंद कुंडीत जिवंत असल्यास पहिल्या पावसानंतर त्याला कोंब येईल. तो उपटू नये. फुले येऊ द्यावीत आणि फुलामागे काटेरी गाठ आहे की नाही ते पाहावे. गाठ असेल तर आपल्याला नर वेल हवा, नसेल तर मादी वेल हवे. कंद घेताना, ज्याने गेल्या वर्षी वेल फुलताना पाहिले आहेत आणि खुणा करून ठेवल्या आहेत अशाच माणसाकडून घ्यावेत, कारण केवळ कंद पाहून नर-मादी सांगता येत नाही. आठ-दहा मादी वेलांना एक नर वेल पुरतो, गच्चीवर दोन मादी आणि एक नर पुष्कळ झाले. ककोड्याचे फूल सायंकाळनंतर उमलते, तेव्हा दुधीची फेरी करतानाच त्याचेही काम उरकेल. कंद या महिनाअखेरीपर्यंत मिळाले, तर याच पावसाळ्यात लावता येतील.